देखरेखीसाठी वेगळा इंजिनिअर नेमून घर बांधलं : जुळे सोलापुरातला अनुभव

पाचपैकी चार. एक कापला तो बाथरूमसाठी, ते पुढे येईलच.

इंजिनिअरचं नाव टाकत नाही, कारण चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय आणि आपलं सोलापूर लहान आहे. ठेकेदाराचंही नाही. हे परीक्षण माणसाचं नाही, सेवेचं समजा. ठेकेदार वेगळा, आणि त्याच्या कामावर लक्ष ठेवायला आपण फी देऊन नेमलेला इंजिनिअर वेगळा. माझ्या ओळखीत असं फारसं कुणी केलेलं नाही. नकाशा काढणारा इंजिनिअर महापालिकेची परवानगी आणून देतो, स्लॅबच्या दिवशी एक चक्कर मारतो, पेढा खाऊन जातो. बाकीचं सगळं मालक आणि ठेकेदार यांच्यात. म्हणजे भांडणं पण त्यांच्यातच.

मी शाळेचे युनिफॉर्म शिवून देण्याचा छोटा कारखाना चालवते. मिस्टर नोकरीला पुण्यात, शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने येतात, रविवारी परत. घरी सासूबाई आणि मामा, म्हणजे सासरे. तेव्हा साइटवर जाणार कोण, तर मी. कारागिरांकडून काम करून घेणं मला नवीन नाही, पण सळई आणि सिमेंट नवीन होतं. म्हणून हा इंजिनिअर. फी ठरली बांधकाम खर्चाच्या दोन टक्के, टप्प्याटप्प्याने. "एवढ्या पैशात एका खोलीच्या फरशा येतात की," असं मामा म्हणाले, ते हिशेबाने अगदी चूक नव्हतं.

काम लेबर रेटने दिलं. सिमेंट, सळई, वीट, क्रश सँड सगळं आमचं, मजुरी ठेकेदाराची, दर चौरस फुटाला. मटेरियलसह दिलं तर डोक्याला ताप कमी, पण भिंतीत काय गेलं ते कळत नाही. लेबर रेटमध्ये ते कळतं, पण रोज सकाळी "अक्का, सिमेंट संपलं" हा फोन येतो. दोन्हीकडे काही ना काही आहेच.

इंजिनिअरची पहिली कमाई काम सुरू होण्याआधीची. ठेकेदार तोंडी दर सांगून मोकळा झाला होता आणि आम्ही पण हो म्हणून बसलो होतो. इंजिनिअरने विचारलं, "चौरस फूट कशाचे?" आम्ही म्हणालो, घराचे. "घराचे म्हणजे? छज्जे धरायचे का? जिना एकदा की दोनदा? जिन्यावरची टोपी? जमिनीखालची पाण्याची टाकी त्याच दरात की वेगळी? बाल्कनी पूर्ण की निम्मी?" ठेकेदाराने प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं, आणि दोन ठिकाणी ते आमच्या समजुतीच्या बरोबर उलट होतं. त्याच्या मनात खोट होती असं मला वाटत नाही. त्याच्या आधीच्या साइटवर तसंच धरलं होतं, एवढंच. पण हा फरक शेवटच्या बिलाला निघाला असता तर दोघांनाही दुसरा लबाड वाटला असता. सगळं स्टॅम्प पेपरवर आलं. टाकी वेगळी, छज्जे धरायचे नाहीत, जिना एकदाच.

दुसरी कलमं पैशांच्या टप्प्यांची. आमच्या मनात जोता, पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब, गिलावा असे मोठे चार हप्ते होते. इंजिनिअर म्हणाला, असं केलं तर ठेकेदार पळतो. का? तर त्याला मजुरांना दर आठवड्याला बाजाराचे पैसे द्यावे लागतात. मालकाचा हप्ता महिन्याने येणार असेल, तर तो मधल्या काळात दुसरीकडे काम धरतो, तिथून उचल घेतो, आणि मग आपली माणसं तिकडे जातात. मालक म्हणतो ठेकेदार फसवा, ठेकेदार म्हणतो मालक चिकट. त्याने टप्पे बारीक केले. फूटिंग (खांबाचा पाया), कॉलम, जोता, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची पट्टी), स्लॅब, असे. शिवाय आठवड्याला ठरावीक बाजाराची रक्कम, जी पुढच्या टप्प्यातून वजा होणार. शेवटचे पाच टक्के मात्र एक पावसाळा गेल्यावर. ठेकेदाराने त्या शेवटच्या कलमावर बराच वेळ तोंड वाकडं केलं, पण दर आठवड्याला पैसे मिळणार म्हटल्यावर सही केली. आमचं काम चालू असताना त्याची माणसं दुसऱ्या साइटवर गेली नाहीत असं नाही. गेली, पण परत आली.

आता माती. आमचा प्लॉट काळ्या मातीवर आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला पंजा आत जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर पाया टेकवला तर घर दरवर्षी थोडं वर, थोडं खाली होतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा निघतात. आमच्या गल्लीत अशी दोन घरं आहेत. ठेकेदार म्हणाला, शेजारी चार फुटांवर फूटिंग टाकलंय, इथंही चालतंय. इंजिनिअर खड्ड्यात उतरला, पहारीने टोचून बघितलं आणि म्हणाला, कडक मुरूम लागेपर्यंत खाली. एका कोपऱ्यात मुरूम लवकर लागला, मागच्या बाजूला लागेचना. ठेकेदार वैतागला, कारण माणसं आणि दिवस त्याचे जात होते. पण जादा खोदाईचा दर ब्रासला किती (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), हे करारात आधीच होतं. मोजपट्टी लागली, आकडा निघाला, वाद संपला. आवाज चढला तो फक्त मामांचा, कारण खड्ड्यात पैसे गाडतोय असं त्यांना वाटत होतं. जोत्यात भरायला ती काळी माती वापरू दिली नाही, मुरूम आणवला, थर-थर टाकून पाणी मारून ठोकून घेतला.

खरेदीत इंजिनिअरला मी दूर ठेवलं, आणि हे आधीच स्पष्ट सांगितलं. काही दुकानदार इंजिनिअरला टक्का देतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्याने फक्त ग्रेड आणि व्यास लिहून द्यायचे, भाव मी तीन ठिकाणी काढणार. त्याला राग आला नाही, उलट त्याने सळईचा हिशेब शिकवला. बारा एमएमचा गज मीटरला ०.८८८ किलो, बारा मीटरचा एक गज साधारण १०.६६ किलो. आठ एमएम मीटरला ०.३९५. गाडी वजनकाट्यावरून आली की पावतीवरचं वजन आणि गजांची संख्या जुळते का ते मीच बघायला लागले. थोडा फरक चालतो, कारण गज थोडा हलका-जड असतो, पण फार फरक असेल तर काटा तरी खोटा किंवा गज तरी. दुसऱ्या गाडीला फरक निघाला. दुकानदाराने बिल दुरुस्त करून दिलं, चहा पाजला, आणि पुढच्या वेळी माझा भाचा काट्यावर उभा आहे हे बघून गाडी भरली.

मग ती वही. इंजिनिअरने पहिल्याच दिवशी कार्बन घालून लिहायची डुप्लिकेट वही आणली. साइटवर कुणीही काही बदल सांगितला तर तो वहीत, खाली मालकाची आणि ठेकेदाराची सही, एक पान त्याला, एक आमच्याकडे. वहीत नाही ते काम नाही. ठेकेदाराला हे लागलं. "अक्का, वीस वर्षं धंदा करतोय, सह्या घेऊन वीट लावली नाही कधी. विश्वास नाही का आमच्यावर?" मला पण तेव्हा अवघडल्यासारखं झालं.

पण ती वही सगळ्यात आधी नडली आमच्याच घराला. मामा रोज सकाळी फिरायला म्हणून साइटवर जायचे. एक दिवस त्यांनी गवंड्याला परस्पर सांगितलं, स्वयंपाकघराची खिडकी इकडून तिकडे घे, वारा येत नाही. गवंडी तेलुगू बोलणारा, मामांचं निम्मं कळलं, निम्मं नाही. पण मालकाचा बाप सांगतोय म्हटल्यावर तो वीट काढायला लागला. ठेकेदाराने येऊन थांबवलं आणि वही पुढे केली. "मामा, इथं लिहा, जादा मजुरी पण लिहा, मी लगेच फोडतो." मामांनी वही बघितली आणि खिडकी आहे तिथेच राहिली. त्या दिवसापासून ठेकेदाराला वही आवडायला लागली. नंतर सासूबाईंना माळा हवा झाला, देवघराला कोनाडा हवा झाला, मला गच्चीवर धुण्याचा ओटा हवा झाला. प्रत्येक वेळी तो स्वतःच वही घेऊन उभा. शेवटच्या बिलात एक्स्ट्राची यादी लांबलचक होती, पण एकाही ओळीवर "हे कधी सांगितलं होतं?" असं म्हणायला जागा नव्हती. वही आमच्या बाजूने आहे असं आम्हाला वाटत होतं, तिने त्याचेच पैसे जास्त वाचवले.

स्लॅब आला तो नेमका एप्रिलमध्ये. सोलापूरचा एप्रिल म्हणजे पारा चाळीसच्या वर. पहाटे लवकर सुरू करून उन्हं चढायच्या आत बरंच उरकायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी इंजिनिअर सळई बघायला आला. खाली कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे) नव्हते, सळई थेट साच्याच्या प्लेटांना टेकली होती, आणि बाल्कनीची वरची सळई चालून चालून दबली होती. बाल्कनी बाहेर लटकते, तिची ताकद वरच्या सळईत असते, ती खाली बसली तर असून नसल्यासारखी. त्याने चेअर (सळईचेच वाकवलेले पाय) लावून ती उचलून घ्यायला लावली आणि म्हणाला, हे झाल्याशिवाय मिक्सर फिरणार नाही. ठेकेदाराने मिक्सर-लिफ्टवाल्याला आगाऊ पैसे दिले होते, माणसं सांगून ठेवली होती. तिथे बोलाचाली झाली. मी मध्ये पडले नाही, कारण त्यासाठीच तर फी देत होते. फिटरला रात्री दिवे लावून बसवलं, त्याच्या जेवणाचं आम्ही बघितलं, आणि पहाटे ठरल्या वेळी मिक्सर सुरू झाला. पाणी बघायला इंजिनिअर स्वतः मिक्सरपाशी. गड्यांना पातळ माल हवा असतो, ओतायला सोपा. तो पन्नास किलोच्या गोणीला मोजून पाणी घालायला लावत होता.

नंतरचं पाणी मारणं हा सोलापुरातला खरा कळीचा मुद्दा. नळाला पाणी काही दिवसांआड, बोअर उन्हाळ्यात दम टाकलेलं. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट आणि हे ऊन म्हणजे किमान दहा दिवस स्लॅब ओला राहिला पाहिजे, त्याने चौदा सांगितले. पाणी साठायला स्लॅबवर आळी केली. पण पाणी कुणाचं आणि मारायचं कुणी, यावर किती घरांत भांडणं होतात ते विचारा. आमच्या करारात लिहिलं होतं, पाणी मालकाचं, माणूस ठेकेदाराचा. टँकर आम्ही आणले. माणूस म्हणजे वॉचमन, कलबुर्गीकडचा, कन्नड बोलणारा. सासूबाईंचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यांना कन्नड येतं. त्या संध्याकाळी जाऊन त्याच्या बायकोशी गप्पा मारायच्या, परत येताना सांगायच्या, आळं कुठलं सुकलंय. इंजिनिअरच्या फीत हे बसत नाही, पण स्लॅब भिजला तो बराचसा या गप्पांमुळे.

सेंट्रिंग (स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू) काढण्यावरून पुन्हा खटका. ठेकेदाराला प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या होत्या, तिथला मालक त्याच्या मागे लागला होता. नियम असा की साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांनी, सहा मीटरपर्यंतच्या तुळयांचे चौदा आणि त्यापुढे एकवीस. पीपीसी ताकद हळू धरतं, म्हणून त्याला आणखी वेळ. आमचा हॉल पंधरा फुटांपेक्षा थोडा मोठाच. इथे इंजिनिअरने सरळ "नाही" म्हटलं नाही, ते मला आवडलं. छोट्या खोल्यांचा वेळ आधी पूर्ण होतो, तेवढ्या प्लेटा घेऊन जा. हॉल आणि तुळयांचे टेकू मी सांगेपर्यंत हलवायचे नाहीत, त्यांच्यावर चुन्याने खुणा केल्यात. ठेकेदाराची दुसऱ्या साइटची निम्मी गरज भागली, तो शांत झाला. क्यूब (त्याच काँक्रीटचे ताकद तपासायचे ठोकळे) पण केले, शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत. एम२० प्रतीच्या काँक्रीटला अठ्ठावीस दिवसांनी ताकदीचे आकडे वीसच्या वर आले पाहिजेत, आले. रिपोर्ट त्याने ठेकेदारालाही दिला. ठेकेदाराने त्याचा फोटो काढून ठेवला, आता म्हणे पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवतो.

इथपर्यंत पाचपैकी पाच.

बाथरूम. जानेवारीत गड्ड्याची यात्रा लागली आणि सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजाच्या दिवसांत माणसं कामावर येणार नव्हती. हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. इंजिनिअरने त्या सुट्टीत प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनला उरकून घ्या म्हणून सांगितलं. कल्पना चांगली होती. पण प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फरशीवाला हे तिघं ठेकेदाराचे नाहीत, आम्ही वेगवेगळे धरलेले, आणि या तिघांना एकत्र बसवणं हे आपलं काम आहे असं इंजिनिअरला वाटतच नव्हतं. त्याच्या लेखी सिव्हिल झालं म्हणजे घर झालं. प्लंबरने नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड) त्याच्या अंदाजाने बसवला. फरशीवाला आला तेव्हा उतार द्यायला जागाच उरली नव्हती, पाणी दाराकडे यायला लागलं. प्लंबर म्हणाला फरशीची लेव्हल कुणी सांगितलीच नाही. फरशीवाला म्हणाला ट्रॅप वर आहे. इंजिनिअर म्हणाला, "फायनल लेव्हल मी दिलेली नव्हती." हे वाक्य तो स्वतःच्या बचावासाठी म्हणाला, पण मला वाटतं तक्रार नेमकी तीच होती. फायनल लेव्हल त्याच्याशिवाय देणार कोण? वॉचमन?

फरशी फोडली. माझा सगळ्यात कडक संवाद त्या दिवशी झाला. शाळा उघडायच्या आठवड्यात कॉलरची मापं चुकलेली निघाली तर कापणारा, शिवणारा आणि इस्त्रीवाला एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि गिऱ्हाईक मात्र माझ्याकडेच बघतं, तशी त्याची गत होती, आणि ती त्याला मान्य नव्हती. शेवटी त्या टप्प्याची फी त्याने निम्मी घेतली. दुसऱ्या मजल्याच्या बाथरूमला चौघांना एका वेळी उभं करून भिंतीवर खडूने रेघ मारली, ती मी मारायला लावली.

अजून एक कुरबूर. पहिले काही महिने तो माझ्याशी बोलता बोलता म्हणायचा, "मॅडम, साहेबांना फोन द्या ना." साहेब पुण्यात मीटिंगमध्ये, आणि चेक माझ्या खात्याचे. मिस्टरांनीच एकदा सांगितलं, मला विचारू नका, मला त्यातलं काही कळत नाही. मग थांबला. ठेकेदाराने असं कधी केलं नाही. चेकवर सही कुणाची असते हे त्याने पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं.

एक गोष्ट फीत नव्हती तरी त्याने केली. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी मजुराला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दोन बिगारी बायका मला विचारत होत्या, मला त्यातलं माहीत नव्हतं. त्याने ठेकेदाराला बसवून हजेरीवरून दाखल्याचे कागद करायला लावले.

कायद्याचं थोडं, कारण मला बरेच जण विचारतात की रेरात तक्रार करता येते का. आपल्या प्लॉटवर आपण ठेकेदार लावून घर बांधतो, तो रेराचा प्रकल्प नाही. रेरा बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांसाठी. ग्राहक आयोगाचं दार मात्र उघडं असतं, २०१९ च्या कायद्यात घरबांधणी सेवेच्या व्याख्येत आहे. आम्हाला ती वेळ आली नाही. आली असती तर करार आणि वहीची पानं हाताशी होती.

पहिल्या पावसाळ्यात गच्चीवर पाइपापाशी ओल आली. ठेकेदाराचे पाच टक्के आमच्याकडे होते. फोन केला, आठवड्यात माणूस घेऊन आला, पाइपाभोवती फोडून परत भरलं, दोन मोठे पाऊस बघून मी चेक दिला.

कुणी घ्यावी ही सेवा? लेबर रेटने बांधणाऱ्याने, घरात रोज साइटवर जाणारी पण बांधकाम न कळणारी माणसं असतील त्याने, आणि काळ्या मातीवर प्लॉट असेल त्याने नक्की. मटेरियलसह सगळं एकाच ओळखीच्या माणसाला देणाराही घेऊ शकतो, पण तिथे इंजिनिअर ठेकेदाराने सुचवलेला नको. नेमताना प्लंबिंग, वायरिंग, फरशीच्या लेव्हल आणि वॉटरप्रूफिंग त्याच्या कामात आहे असं लिहून घ्या, तो दोन टक्क्यांचे अडीच मागेल, द्या. त्याची चालू असलेली एक साइट न सांगता बघून या, आणि तिथल्या ठेकेदाराला विचारा. मालक सगळे इंजिनिअरची स्तुतीच करतात.

आमच्या कंपाउंड वॉलचं काम आता त्याच ठेकेदाराकडे आहे. तेवढ्याशा कामाला इंजिनिअर परवडत नाही. दर मोजूनच ठरलाय, रनिंग फुटाला, गेटचे खांब वेगळे.